गॅरेजमधलं विमान: वाकडा रिबिट, हरवलेलं अर्थिंग आणि उलटा फिरणारा ट्रिम

माझ्या गॅरेजमध्ये गेली तीन वर्षं गाडी लागलेली नाही. ओहायोच्या थंडीत रोज सकाळी बाहेर उभ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना दिसलो की शेजारी विचारतात, "उडणार कधी?" आत आरव्ही-७ उभं आहे. पंख अजून लावलेले नाहीत, पॅनेलमागून वायरींचा झुबका लोंबतोय, आणि कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा आहे ज्यात बिघडवलेले भाग साठवले आहेत. हा लेख मुख्यतः त्या डब्याबद्दल आहे.

आरव्ही ही किट विमानांची मालिका ओरेगॉनमधल्या ऑरोरा इथली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी बनवते. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ती सुरू केली, आणि आरव्ही ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. आरव्ही-७ म्हणजे दोन जणांचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, हजारो रिबिटांनी जोडलेलं विमान. अमेरिकेत अशा विमानाला 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात परवाना मिळतो. अट एवढीच की निम्म्याहून जास्त काम हौसेनं किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेलं असावं. लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. कांदिवलीच्या अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. त्यांच्याकडे ना किट होतं, ना पुस्तिका. आमच्यासारख्यांना भोकं पाडलेले पत्रे घरपोच येतात, तरी आम्ही चुकतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

तीन वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. चुकीनं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त घाईघाईनं केलेल्या दुरुस्तीनं होतं. माझ्या डब्यातले बहुतेक भाग पहिल्या चुकीनं वाया गेलेले नाहीत. ते गेले ती चूक 'लगेच' सुधारताना. म्हणून खाली जे काही आहे, त्यातली पहिली पायरी सगळीकडे एकच: हत्यार खाली ठेवा, फोटो काढा, मोजा. शक्य असेल तर त्या दिवशी त्या भागाला पुन्हा हातच लावू नका.

भोकं जुळत नाहीत तेव्हा

कवचाचा पत्रा आणि आतली आडवी पसळी, म्हणजे रिब, यांची भोकं जुळत नाहीत, ही पहिली अडचण बहुतेकांना शेपटाच्या कामातच भेटते. मोह होतो ड्रिल घालून भोक थोडं 'मोकळं' करण्याचा. करू नका. त्याआधी या क्रमानं बघा.

आधी भाग डावा की उजवा ते तपासा. हे सांगायला शरम वाटते, पण पहिल्या वर्षी मी सलग दोन रिबांना एकाच बाजूनं खळगे पाडले (रिबिटचं सपाट डोकं पत्र्यात बसावं म्हणून भोकाभोवती पाडतात ते). एक डावी, एक उजवी हवी होती, झाल्या दोन डाव्या, एकाच पायाच्या दोन चपलांसारख्या. त्या दिवसापासून खळगे पाडण्याआधी दोन्ही भाग समोरासमोर आरशातल्यासारखे मांडतो आणि मार्करनं बाहेरच्या बाजूला फुली मारतो.

भाग बरोबर असेल तर रिबची कड बघा. साच्यात दाबून बनवलेल्या रिबच्या कडा नेमक्या काटकोनात नसतात, आणि वक्र कड दाबताना धातू ताणला गेल्यामुळे सगळी रिब किंचित केळ्यासारखी वाकते. रिब सपाट टेबलावर ठेवा. टोकं उचललेली दिसली तर तिची भोकं पत्र्याशी कधीच जुळणार नाहीत. उपाय म्हणजे फ्लूटिंगची पक्कड: दोन भोकांच्या मधोमध कडेला छोटी चुणी घालायची, म्हणजे कड तेवढी आखडते आणि रिब सरळ होते. चुणी हलक्या हातानं घाला, टेबलावर ठेवून बघा, पुन्हा घाला. जास्त झाली तर रिब उलट्या बाजूला वाकते. भोकं रांगेत आली की नाही हे बघायला सरळपट्टी पुरते.

मग क्लेको लावा, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना. ३/३२ इंचासाठी चंदेरी, १/८ साठी तांबड्या. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जा, आधी दर चौथ्या-पाचव्या भोकात. टोकाकडून सुरू केलं की सगळी चूक दुसऱ्या टोकाला साठते आणि शेवटच्या भोकाला तुम्ही ड्रिल शोधू लागता.

आणि भोक खरंच बिघडलं असेल, आठच्या आकड्यासारखं लांबट झालं असेल, तर? कडेपासूनचं अंतर मोजा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिबिटच्या व्यासाच्या किमान दुप्पट जागा हवी, म्हणजे १/८ च्या रिबिटला १/४ इंच. तेवढी असेल तर मोठ्या मापाचा रिबिट बसतो. नसेल तर प्रश्न भोकाचा उरत नाही, भागाचा होतो. अशा वेळी कंपनीच्या तांत्रिक मदतीला फोटो आणि माप पाठवून विचारावं. मुख्य स्पारच्या, म्हणजे पंखाच्या कण्याच्या, बाबतीत तर स्वतःच्या डोक्यानं काही करूच नये.

रिबिट काढायचा की राहू द्यायचा

ॲल्युमिनियम विमानात दोन जातीचे रिबिट रोज हाताळावे लागतात: पत्र्यात बसणारा, सपाट डोक्याचा एएन४२६, आणि गोल डोक्याचा एएन४७०. मागच्या बाजूला लोखंडी ठोकळा धरून पुढून हवेच्या गननं ठोकलं की मागे दुसरं डोकं तयार होतं. त्याचं माप ठरलेलं आहे: व्यास रिबिटच्या दीडपट, उंची निम्मी. १/८ इंचाच्या रिबिटला ३/१६ रुंद आणि १/१६ उंच. पुस्तिकेत थोडं कमी-जास्त चालतं त्याची मर्यादा दिलेली असते, ती छापून भिंतीवर लावा. मापाचा छोटा पत्र्याचा गेज काही डॉलरना मिळतो. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, विशेषतः रात्री दहानंतर.

मागचं डोकं एका बाजूला लोळलं असेल तर कारणं तीनच: ठोकळा सरळ धरला नव्हता, रिबिट लांब होता, किंवा भोक मोठं होतं. पुढचा रिबिट ठोकण्याआधी कारण शोधा, नाहीतर तोच रिबिट पाच वेळा काढाल. लांबीचा हिशेब सोपा: पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. पुस्तिकेत दिलेली लांबी सहसा बरोबर असते. चूक होते ती आपण शेजारच्या कप्प्यातला रिबिट उचलल्यामुळे.

आता काढण्याची रीत, कारण इथेच भाग वाया जातात.

एएन४७० च्या डोक्यावर मध्यभागी बारीक खळगी असते. ती मिश्रधातूची खूण आहे, पण आपल्याला ती ड्रिलची जागा म्हणून उपयोगी पडते. पंचनं ती थोडी खोल करा. भोकाच्या मापाचा किंवा एक माप बारीक ड्रिल घ्या (नंबर वाढतो तसं ड्रिल बारीक होतं): १/८ साठी ३० किंवा ३१ नंबर, ३/३२ साठी ४० किंवा ४१. फक्त डोक्याच्या जाडीएवढं आत जा. त्याहून एक केसही पुढे नाही, कारण पुढे पत्रा आहे. त्याच मापाचा पंच त्या भोकात घालून बाजूला कलता करा, डोकं टचकन तुटतं. न तुटलं तर अजून थोडं ड्रिल. मग पत्र्याला मागून, रिबिटच्या आजूबाजूला, लाकडाचा आधार द्या आणि उरलेला दांडा पंचनं हलकेच बाहेर ठोका. आधार न देता ठोकलं तर पत्रा फुगतो, आणि ते फुगणं रंगानंतर उन्हात लांबून दिसतं. पत्रा फारच पातळ असेल तर ठोकूच नका. मागचं डोकं कातरपकडीत धरून हळूहळू हलवत ओढून घ्या.

एवढं करूनही भोक मोठं झालं तर 'उप्स रिबिट' म्हणून ओळखला जाणारा एनएएस१०९७ वापरतात. त्याचा दांडा एक माप जाड, पण डोकं लहान, त्यामुळे आधीच्याच खळग्यात बसतो.

पण हे सगळं करण्याआधी स्वतःला विचारा, काढायलाच हवा का? डोकं मापात आहे, फक्त दिसायला वाकडं आहे? राहू द्या. गन घसरून पत्र्यावर चंद्रकोर उमटली आहे? ती कापडी घासणीनं गुळगुळीत करा, तडा नाही ना ते भिंगातून बघा, आणि सोडून द्या. मी पहिल्या शेपटात असे सतरा रिबिट काढले. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे तांत्रिक सल्लागार असतात, ते फुकट घरी येऊन काम बघतात. आमचे काका (सत्तरी ओलांडलेला माणूस, आम्ही सगळे काकाच म्हणतो) आले, भोकं बघून म्हणाले, यातले चौदा होते तसेच चांगले होते.

बोल्ट, टाकी, काच: थोडक्यात

बोल्टाच्या बाबतीत एकच चूक वारंवार दिसते. नायलॉनची कडी असलेला नट बोल्टावर फिरवतानाच जोर लागतो. तो जोर टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याच्या जोराच्या, आकड्यात मिळवायचा असतो. एएन३ बोल्टाला २० ते २५ इंच-पाउंड हवेत, आणि नट नुसता फिरवायला ८ लागत असतील, तर पाना २८ ते ३३ वर ठेवा. एएन४ ला ५० ते ७० अधिक नटाचा जोर. गाडीच्या चाकाचा मोठा टॉर्क पाना इथे निरुपयोगी आहे, त्याच्या काट्यावर हे आकडे सुरूही होत नाहीत. नटाबाहेर निदान एक आटा दिसला पाहिजे. आटे संपून नट बोल्टाच्या गुळगुळीत दांड्यावर टेकला असेल तर पाना आकडा दाखवेल आणि जोड सैलच राहील. वॉशर घाला. जिथे भाग फिरतो, तिथे नायलॉनचा नट नको, खाचांचा नट आणि कॉटर पिन हवी. घट्ट झालेल्या प्रत्येक नटावर रंगीत पेस्टची रेघ ओढा. रेघ नाही म्हणजे काम झालेलं नाही, इतका साधा नियम ठेवा. फोन आला म्हणून अर्धवट सोडलेला बोल्ट हा या छंदातला खरा शत्रू आहे.

पंखातली पेट्रोलची टाकी चिकट, काळ्या सीलंटनं बंद करतात. चाचणीसाठी सगळी तोंडं बंद करून एका नळीला फुगा लावतात आणि हलकी हवा भरतात. दुसऱ्या दिवशी फुगा बारीक दिसला की जीव खालीवर होतो, पण आधी तापमान बघा. गॅरेज थंड झालं की आतली हवा आकसते आणि फुगा गळती नसतानाही सुरकुततो. साबणाचं पाणी लावून बुडबुडा दिसला तरच गळती. ती सापडली तर त्या जागी बाहेरून ताजं सीलंट लावून टाकीत हलका निर्वात करा, म्हणजे सीलंट फटीत आत ओढलं जातं. टाकीच्या पत्र्यावर नुसता वरून लेप देऊन काही उपयोग नाही.

कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाची, ॲक्रिलिक काच थंडीत कापू नका. २७ अंश सेल्सियसच्या वर खोली तापवा, करवत नको, घासणाऱ्या चकतीनं कापा, आणि भोकं प्लास्टिकसाठीच्या ड्रिलनं पाडा. मेटलचं साधं ड्रिल काचेत घुसतं आणि बाहेर येताना तडा सोडून जातं.

वायरिंग: वीज चालू करण्याआधी

आता खरी डोकेदुखी. धातूकामात चूक दिसते, वायरिंगमध्ये ती लपते.

वायर विमानाचीच घ्या. टेफझेलच्या आवरणाची, एम२२७५९/१६ या मानकाची. १५० अंशांपर्यंत टिकते. गाडीच्या दुकानातली पीव्हीसी वायर स्वस्त असते, पण जळली की कॉकपिटमध्ये विषारी धूर सोडते, आणि तिथे खिडकी उघडून बाल्कनीत जायची सोय नसते.

वायरची जाडी दोन गोष्टींवर ठरते: ती किती तापेल आणि किती व्होल्ट खाईल. दुसरी गोष्ट लोक विसरतात. उदाहरण घ्या. पंखाच्या टोकाला १०० वॅटचा जुना हॅलोजन दिवा, साधारण ८ अँपियर, वायर ६ मीटर. १८ नंबरच्या वायरला (नंबर लहान, तशी वायर जाड) मीटरमागे सुमारे ०.०२१ ओहम रोध. ६ मीटरला ०.१२६ ओहम, गुणिले ८, म्हणजे १ व्होल्ट वायरमध्येच गेला. १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी अर्ध्या व्होल्टची मर्यादा धरतात. १४ नंबरच्या वायरला मीटरमागे ०.००८३ ओहम, म्हणजे एकूण ०.४ व्होल्ट. ती घ्या. एलईडी दिवा लावला तर करंट एवढा कमी होतो की हा हिशेबच करावा लागत नाही.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की 'फ्यूज उडतोय, मोठा घालू' हा विचार मनात येत नाही.

पहिल्यांदा बॅटरी जोडण्याआधी हे करा:

१. सगळे फ्यूज काढा, महागडी उपकरणं त्यांच्या कनेक्टरमधून सुटी करा.

२. मल्टिमीटर ओहमवर ठेवून मुख्य बस (सगळ्या सर्किटना वीज वाटणारी पट्टी) आणि विमानाचा सांगाडा यांत मोजा. शून्याजवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. बॅटरी अजिबात जोडू नका.

३. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा, आणि फ्यूजच्या जागी हा बल्ब जोडून एकेक सर्किट चालू करा. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर ठीक. ढणढणीत पेटला तर त्या सर्किटमध्ये शॉर्ट आहे, आणि तुम्ही एक उपकरण वाचवलं. ही युक्ती मला पुण्यातल्या एका रिक्षा इलेक्ट्रिशियननं शिकवली होती, विमानं त्याच्या स्वप्नातही नव्हती.

४. उपकरणं लावण्याआधी त्यांच्या कनेक्टरच्या प्रत्येक पॉवर पिनवर व्होल्टेज आणि प्रत्येक ग्राउंड पिनवर ग्राउंड (अर्थिंग, म्हणजे सांगाड्याशी जोड) आहे का ते तपासा. बाकी पिनांवर १२ व्होल्ट येत नाहीत ना, हेही.

चौथी पायरी टाळणाऱ्यांना डी-सब, म्हणजे उपकरणांमागचा अनेक पिनांचा, कनेक्टर गाठतो. त्या पिनांचे आकडे समोरून बघितले तर एका क्रमानं, मागून वायरच्या बाजूनं बघितले तर आरशातल्यासारखे उलटे. नकाशात कुठल्या बाजूनं दाखवलंय हे बारीक अक्षरात असतं. कनेक्टरच्या प्लास्टिकवरच पिनेजवळ आकडे कोरलेले असतात, भिंग घेऊन ते वाचा. नकाशावर विसंबू नका. पिन दाबताना वायरचं टोक पिनेच्या तपासणीच्या बारीक भोकातून दिसलं पाहिजे. चार बाजूंनी खाच पाडणारं क्रिंपिंगचं (पिन वायरवर दाबून बसवायचं) हत्यार महाग आहे, पण इथे पैसे वाचवू नका. दाबून झाल्यावर वायर ओढा, चांगली ओढा. लाजत-लाजत नाही.

काही चालत नाही तेव्हा

मास्टर स्विच टाकला आणि 'खट्ट' आवाज आला नाही. मास्टर कॉन्टॅक्टर म्हणजे बॅटरी जोडणारा विजेवर चालणारा मोठा स्विच. त्याच्या कॉइलचं एक टोक बॅटरीकडून येतं, दुसरं स्विचमधून ग्राउंडला जातं. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला तात्पुरती वायर लावून ग्राउंडला टेकवा. आवाज आला तर कॉन्टॅक्टर ठीक आहे, दोष स्विचकडच्या वायरीत. आवाज आला पण दहा मिनिटांत कॉन्टॅक्टर हात लावता येणार नाही इतका तापला, तर बहुधा तुम्ही स्टार्टरचा कॉन्टॅक्टर मास्टरच्या जागी बसवला आहे. दोन्ही दिसायला जुळे भाऊ, पण स्टार्टरचा काही सेकंदांसाठी बनवलेला असतो, मास्टरचा तासन्‌तासांसाठी. आणि स्विच टाकताच फ्यूज उडत असेल तर कॉइलवरचा डायोड बघा. पट्टीचं टोक धन बाजूला हवं. उलटा बसला की तो सरळ शॉर्ट होतो.

एखादंच उपकरण मेलेलं असेल तर लोक पॉवरची वायर शोधत बसतात. मी आधी ग्राउंड बघतो. उपकरण चालू ठेवा, मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरं उपकरणाच्या ग्राउंड पिनवर. ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं की दोष ग्राउंडमध्ये आहे: रंगावर घट्ट केलेला स्क्रू, सैल लग, गंज. पॉवरकडेही तसंच, बस आणि उपकरणाच्या पॉवर पिनेमध्ये. वायर लांब असेल तर मधल्या एखाद्या कनेक्टरपासून मोजायला सुरुवात करा, निम्मा रस्ता एका फटक्यात वगळला जातो. मीटर नुसत्या ओहमवर ठेवून 'कंटिन्युइटी आहे' म्हणणं फसवं असतं: क्रिंपमध्ये एकच तार उरली असली तरी मीटर बीप करतो, आणि करंट वाहायला लागला की तीच तार दगा देते.

पेट्रोलचा काटा वेडावाकडा हलतो? जुन्या प्रकारचा तरंगता सेंडर साधारण २४० ते ३० ओहममध्ये बदलतो, आणि त्याचं ग्राउंड म्हणजे टाकीचा पत्रा. तुम्ही सेंडरच्या प्लेटखाली सीलंट भरपूर लावलंत, म्हणजे ग्राउंडच तोडलंत. प्लेटच्या एका स्क्रूवरून वेगळी ग्राउंड वायर ओढा.

एक्झॉस्टचं तापमान इंजिन तापताना खाली जातंय? थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा जोड, उलटं जोडलंय. अमेरिकन रंगसंगतीत थर्मोकपलची लाल वायर ऋण असते. घरच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज शिकलेल्या आपल्या डोक्याला हे पचत नाही. मला दोनदा पचलं नाही. के-प्रकारच्या थर्मोकपलमध्ये पिवळी धन, लाल ऋण. ती वायर लांबवायची असेल तर तशाच थर्मोकपल वायरनं लांबवा. इंजिनजवळ तांब्याची वायर जोडली तर जोडाच्या जागेचं आणि उपकरणाजवळचं तापमान यांतला फरक थेट चुकीत येतो. अंशाला फक्त ४१ मायक्रोव्होल्टच्या आसपास मिळतात, तिथे गलथानपणाला जागा नाही.

ट्रिम, म्हणजे स्टिकवर सतत जोर न देता नाक वर किंवा खाली ठेवणारी यंत्रणा, उलटा फिरतो. रे ॲलन या लोकप्रिय सर्व्होला पाच वायरी असतात: दोन पांढऱ्या मोटरच्या, आणि नारिंगी, हिरवी, निळी स्थिती दाखवणाऱ्या. मोटर उलटी फिरत असेल तर दोन पांढऱ्या अदलाबदल करा. पण 'उलटा' म्हणजे काय हे नीट ठरवा. नाक वर करण्याचा ट्रिम दिला की एलिव्हेटरवरची (शेपटाच्या आडव्या हलत्या फळीवरची) छोटी पट्टी खाली जायला हवी. खाली गेलेली पट्टी एलिव्हेटरला वर ढकलते. पट्टी वर गेली म्हणून खूश होऊन सोडून देणारे मी पाहिले आहेत.

हेडफोनमध्ये शीळ ऐकू येते. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सूर चढतो-उतरतो तर अल्टरनेटर, ठरावीक टिकटिक असेल तर चमकणारे दिवे. इंजिन बंद ठेवून, फक्त बॅटरीवर, एकेक उपकरण बंद करत जा. बहुतेक वेळा कारण ग्राउंड लूप असतो: माइक आणि हेडफोनचे जॅक पॅनेलच्या पत्र्याला टेकलेले. ते प्लास्टिकच्या वॉशरनं पत्र्यापासून वेगळे करा, आणि शील्डची जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. दोन्ही टोकांना केली की ती स्वतःच करंटचा रस्ता बनते.

रेडिओ जवळचं ऐकतो, लांबचं नाही. कोॲक्स केबलचे बीएनसी कनेक्टर बघा. दोन्ही टोकं सुटी करून मधली तार आणि जाळी यांत मोजा, जोडणी दिसली तर क्रिंप करताना जाळीचा एक केस आत शिरलाय. अँटेना लावलेला असताना ही चाचणी करू नका, काही अँटेना मुळातच आतून जोडलेले असतात. अँटेनाच्या तळाखालचा रंग खरवडलाय का, हेही बघा. त्याला पत्र्याचा उघडा धातू हवा.

पी-लीड: एक गोष्ट जी चुकली तर हात जातो

मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा छोटा जनरेटर, बाकी कशासारखा चालत नाही. त्याला बॅटरी लागत नाही, स्विच बंद म्हणजे मॅग्नेटोची पी-लीड वायर ग्राउंडला जोडणं. म्हणजे वायर तुटली, सैल झाली, ग्राउंडचा स्क्रू निघाला, तर 'बंद' असलेला मॅग्नेटो चालूच राहतो. हातानं प्रोपेलर फिरवला तर इंजिन पेटू शकतं.

इंजिन गार असताना, प्रत्येक मॅग्नेटोची पी-लीड त्याच्यापासून सुटी करा. वायर आणि इंजिनाचा धातू यांत ओहम मोजा: स्विच बंद असताना शून्याजवळ, चालू असताना जोडणी नाही. डावा स्विच डाव्या मॅग्नेटोलाच लागतो ना, तेही इथेच कळतं. वायर शील्ड असलेलीच हवी, आणि तिचा लग मॅग्नेटोवर घट्ट करून वर पेस्टची रेघ. माझ्याकडे पहिल्या मोजणीत उजव्या मॅग्नेटोला बंद स्थितीत ४० ओहम आले. वायर ठीक होती, लगही ठीक. स्विचच्या मागे मीच ग्राउंडचा स्क्रू रंगावर आवळला होता. खरवडून पुन्हा लावला, ०.२ ओहम. त्यानंतरही प्रोपेलरला हात लावताना मॅग्नेटो चालू आहे असंच मी धरतो.

सुरू करण्याआधीचे शेवटचे दोन तास

स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, अंगठा वर करून धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. ज्या बाजूला अंगठा झुकतो, त्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर गेला पाहिजे. हे दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून, मोठ्यानं बोलत करा. एलेरॉनच्या केबल किंवा रॉड उलट जोडून उडालेल्या विमानांच्या चौकशीचे अहवाल वाचण्यासारखे आहेत, आणि वाचून झोप लागत नाही.

स्टॅटिक नळ्यांची (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या) गळती: स्टॅटिक पोर्टला रबरी नळी लावून सिरिंजनं अगदी हळू ओढा, अल्टिमीटर १००० फूट वर जाईपर्यंत, आणि मग धरून ठेवा. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी जोड सैल आहे. सोडतानाही हळू सोडा, झटक्यानं सोडलं तर उपकरणाच्या आतला नाजूक डबा बिघडतो.

ब्रेकमध्ये लाल रंगाचा हायड्रॉलिक द्रव, एमआयएल-एच-५६०६, घाला. गाडीचा ब्रेक ऑइल घातला तर विमानाची रबरी सीलं फुगून बाद होतात. हवा काढायला चाकाकडून वरच्या टाकीकडे द्रव ढकला, बुडबुडे आपोआप वर येतात.

इंजिन पहिल्यांदा सुरू करताना काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून ठेवा, विमान बांधा, चाकांना ठोकळे लावा, शेजारी आग विझवायचं नळकांडं आणि एक शांत डोक्याचा माणूस ठेवा. तेलाचा दाब अर्ध्या मिनिटात वर आला नाही तर लगेच बंद. नवीन इंजिन जमिनीवर जास्त वेळ चालवू नका, त्यानं सिलिंडरचं बसणं बिघडतं. काही मिनिटांत बंद करा, फिरणं थांबलं की हातात टॉर्च घेऊन फायरवॉलपासून (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) पुढे एकेक जोड बघा: तेलाचा थेंब, पेट्रोलचा निळा डाग, वायर कुठे कडेला घासतेय का, आणि नटांवरच्या पेस्टच्या रेघा. माझं इंजिन पहिल्यांदा चालवल्यावर एकूण सहा रेघा तुटलेल्या निघाल्या, त्यातल्या पाच एकाच ब्रॅकेटच्या होत्या.